धर्म-अभ्यासाची पदवी आणि शिक्षक-प्रशिक्षण : दोन्हींची सांगड कशी घालावी?

कोरी पाटी

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

धर्म-अभ्यासाच्या पदवीचं माझं शेवटचं वर्ष सुरू आहे. यात पौरोहित्य शिकवत नाहीत आणि कुठल्या एका धर्माची दीक्षाही देत नाहीत. अनेक धर्मांचे ग्रंथ, विधी, इतिहास, त्यांच्यातले पंथ आणि वाद हे सगळं आम्ही बाहेरून आणि जमेल तितकं आतून समजून घेतो. पदवीनंतर मला शाळेत शिकवायचं आहे, आणि ते मनापासून.

कारण सांगते. मागच्या वर्षी एका प्रकल्पासाठी सातवीच्या वर्गात अंत्यसंस्कारांवर थोडं बोलायचं होतं. दफनाचा विषय निघाला आणि तिसऱ्या बाकावरच्या मुलानं विचारलं, "आत अंधारात त्यांना भीती नाही वाटत?" कुणी हसलं नाही. सगळा वर्ग माझ्याकडे बघत राहिला. माझ्या डोक्यात मृत्यूविधींच्या चार उपपत्ती तयार होत्या आणि त्या मुलाला सांगता येईल असं एक वाक्य नव्हतं. वर्गशिक्षिका मागून पुढे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुझं कुणी गेलंय का रे अलीकडे?" तो म्हणाला, "आजी."

मला हे सुचलंच नव्हतं. त्या दिवशी ठरवलं, हे शिकायचं.

आता शंका. पदवी संपवून मग प्रशिक्षण घ्यावं, की दोन्ही एकत्र असणारा अभ्यासक्रम पुन्हा पहिल्यापासून धरावा? दुसरा शालेय विषय कोणता घ्यावा? आणि सगळ्यात छळणारी गोष्ट अशी की पदवीत आम्हाला शिकवतात, खरं-खोटं ठरवणं बाजूला ठेवा, आधी समजून घ्या. शाळेत म्हणे मूल्यं रुजवायची असतात. मग माझी तीन वर्षं वर्गाच्या दाराबाहेर ठेवायची का? कुठे शिकवणार हे अजून नक्की नाही, त्यामुळे कुठल्याही देशातला अनुभव चालेल.

निळी शाई

कोरी पाटी, स्वागत. पंचवीस वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची अकरा छात्राध्यापकांसोबत गेली. म्हणून जरा मोकळेपणानं लिहिते.

वाटा साधारण दोन. एक म्हणजे आधी विषय, मग शिक्षणशास्त्र. इंग्लंडमध्ये माध्यमिकचे बरेच शिक्षक असेच येतात, पदवी आणि त्यावर वर्षभराचा पीजीसीई, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. दुसरी जोडवाट. जर्मनीत माध्यमिक शिक्षक होऊ पाहणारा विद्यार्थी सुरुवातीलाच सहसा दोन शालेय विषय निवडतो, सोबत शिक्षणशास्त्र शिकतो, आणि पदव्युत्तर शिक्षण संपलं की राज्यानुसार 12 ते 24 महिने शाळेत उमेदवारी करतो.

तू शेवटच्या वर्षात आहेस, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नकोस. जोडवाटेत बाईंनी सकाळी सांगितलेलं दुपारी वर्गात पडताळता येतं हे खरं, पण विषयाच्या खोलीला तिथे कात्री लागते. तुझ्याकडे ती खोली आहे. तुझ्या वाटेवरचा धोका वेगळाच आहे. प्रशिक्षण सुरू झालं की सराव पाठ, पाठांची टाचणं, निरीक्षणं, आंतरवासिता (शाळेतलं प्रत्यक्ष काम) यांत मुलं इतकी बुडतात की पदवी कपाटात जाते आणि पाठ्यपुस्तकाच्या दोन पानांवर पाठ उरकला जातो. हे मी दरवर्षी पाहते आणि दरवर्षी वाईट वाटतं.

म्हणून आजच एक जाड वही घे. पदवीत जे शिकशील ते डाव्या पानावर. उजव्या पानावर, हे बारा वर्षांच्या मुलाला सांगायचं तर सुरुवात कुठून करीन, तो कुठे अडखळेल, कुठे दुखावेल. शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी 1986 मध्ये नेमकं हेच मांडलं : विषय येणं वेगळं, शिकवता येणं वेगळं, आणि हा विषय या मुलांना कसा कळेल याचं ज्ञान हे तिसरंच, स्वतंत्र. मराठीत आपण ज्याला आशययुक्त अध्यापन म्हणतो ते याच्या अगदी जवळचं. उजवं पान रिकामं राहिलं तर डावं अजून कच्चं आहे असं समज.

वाचनखूण

कुठे शिकवणार हे ठरलेलं नाही म्हणतेस, पण अर्धं उत्तर त्यावरच अवलंबून आहे. मी शिक्षणविषयक कायद्यांवर काम केलंय, त्यातलं उपयोगाचं तेवढं सांगतो.

इंग्लंडमध्ये सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत धर्म हा विषय शिकवावाच लागतो, पण तो राष्ट्रीय अभ्यासक्रमाबाहेर आहे. स्थानिक पातळीवर अभ्यासक्रम ठरतो. 1988 च्या कायद्यानं सांगितलं की देशातल्या परंपरा मुख्यत्वे ख्रिस्ती आहेत हे त्यात दिसावं आणि इतर प्रमुख धर्मांचीही दखल घेतली जावी. पालकांना मुलाला तासातून बाहेर ठेवता येतं. तुझी पदवी तिथे सरळ उपयोगी पडते.

जर्मनीत नेमकं उलटं, आणि इथे बरेच जण फसतात. संविधानाच्या कलम 7 नुसार सरकारी शाळांत धर्म हा नियमित विषय आहे, पण तो त्या त्या धर्मसमुदायाच्या तत्त्वांनुसार शिकवायचा. कॅथलिक धर्म शिकवायला 'मिसिओ कानोनिका' आणि प्रोटेस्टंट धर्म शिकवायला 'व्होकाशिओ' अशी चर्चची मान्यता लागते. त्यासाठी धर्मशास्त्र शिकावं लागतं, म्हणजे त्या श्रद्धेच्या आत उभं राहून केलेला अभ्यास. तटस्थ धर्म-अभ्यासाची पदवी त्याची जागा घेत नाही. तुझ्यासारखीला जवळची जागा म्हणजे नीतिशास्त्राचा विषय, किंवा ब्रांडेनबुर्ग राज्यात जीवनघडण, नीती आणि धर्मज्ञान असा जो एकत्र विषय आहे तो.

स्वीडननं 1969 मध्ये शाळेतल्या विषयाचं नावच बदललं. ख्रिस्ती धर्माचं ज्ञान होतं, ते धर्मांचं ज्ञान झालं. अमेरिकेत 1963 च्या अ‍ॅबिंग्टन विरुद्ध शेम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सरकारी शाळांतलं बायबलपठण अवैध ठरवलं, पण त्याच निकालात धर्माचा वस्तुनिष्ठ अभ्यास शिक्षणाचा भाग म्हणून करायला आडकाठी नाही असंही म्हटलं. तिथे हा मजकूर मुख्यतः इतिहास, सामाजिक शास्त्रं आणि साहित्य यांतून येतो. भारतात कलम 28 नुसार पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. कोठारी शिक्षण आयोगानं (1964-66) मात्र धर्माचं शिक्षण आणि धर्मांविषयीचं शिक्षण यांत फरक केला होता, आणि 2002 च्या अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही धर्मांचा अभ्यास निषिद्ध नाही असं म्हटलं.

प्रवेश घेण्याआधी एक गोष्ट लेखी विचारून घे : माझ्या पदवीतले कोणते विषय कोणत्या शालेय विषयासाठी धरले जातील? तोंडी 'चालेल' वर विसंबून राहू नकोस.

मधली सुट्टी

लेखी विचारून घे याला माझा जोरदार दुजोरा. माझ्या बाबतीत तोंडी आश्वासनावर एक अख्खं वर्ष गेलं. अध्यापन पद्धतीचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा कळलं की पदवीचा मुख्य विषय शालेय विषयांच्या यादीतच नाही. शेवटी इतिहासाचे जादा पेपर देऊन मार्ग निघाला.

दुसरा तास

दुसऱ्या विषयाबद्दल : इतिहास किंवा भाषा. मी इतिहास घेतला आणि कधी पश्चात्ताप झाला नाही.

धर्म-अभ्यास झालेला माणूस इतिहासाचा तास कसा वेगळा घेतो याचं एक उदाहरण. सम्राट अशोकाचा बारावा शिलालेख. पाठ्यपुस्तकात 'अशोकाने सर्व धर्मांचा आदर केला' एवढंच असतं, मुलं लिहून घेतात, संपलं. मी मूळ लेखाचा अनुवाद वर्गात वाचतो. स्वतःच्या पंथाची वाजवीपेक्षा स्तुती करू नये, दुसऱ्याच्या पंथाची विनाकारण निंदा करू नये, असं तो सांगतो. आणि या सगळ्याचं मूळ कशात? गिरनारच्या खडकावरच्या पाठात शब्द आहे 'वचिगुती'. वाणीवरचा संयम. मी तो शब्द फळ्यावर लिहितो आणि विचारतो, राजाला हे दगडावर का कोरावंसं वाटलं असेल? एकदा एक मुलगी म्हणाली, "लोक भांडत असतील म्हणून." इतिहासाचं साधन कसं वाचायचं ते तिला त्या क्षणी कळलं होतं. आदेश सापडला की तो कशासाठी काढावा लागला हे शोधायचं.

पदवी नसती तर 'पाषंड' या शब्दाशीही मी थांबलो नसतो. अशोकाच्या लेखात तो साधा 'पंथ' या अर्थी येतो. पुढे त्याच शब्दाचं पाखंड झालं. मराठी मुलांना हे सांगितलं की डोळे मोठे होतात.

दोघींचा बाबा

मी शिक्षक नाही, पालक आहे, आणि माझं मत इथल्या सगळ्यांपेक्षा वेगळं आहे. राग मानू नये. श्रद्धा ही घरची गोष्ट. माझ्या मुलींना काय शिकवायचं ते आम्ही दोघं बघू. शिक्षक कितीही चांगला असला तरी तोही कुठल्यातरी घरातून आलेला असतो. त्याचं घर माझ्या मुलींच्या वहीत उतरायला नको. गणित शिकवा, विज्ञान शिकवा, तिथे मला काही भीती नाही.

निळी शाई

दोघींचा बाबा, राग कशाला? तुमची भीती खरी आहे, आणि ती खरी ठरवण्यात एकदा मीच हातभार लावलाय.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी वर्गात उपवासांवर बोलत होते. एका मुलीच्या घरी कडक उपवास असतात हे मला माहीत होतं. मी तिला उभं केलं आणि म्हटलं, "तुमच्यात कसं असतं, सांग बरं सगळ्यांना." मला वाटलं, तिला मान मिळेल. तिला फारसं सांगता आलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "हिला हिचंच माहीत नाही." ती खाली बसली आणि उरलेला तास तिनं खोडरबराचे बारीक तुकडे करण्यात घालवला. पुढे वर्षभर तिनं माझ्या तासाला हात वर केला नाही.

धर्मशिक्षणाचे अभ्यासक रॉबर्ट जॅक्सन यांची मांडणी मी नंतर वाचली, तेव्हा माझी चूक नीट कळली. ते म्हणतात, धर्म तीन पातळ्यांवर पाहा : एकटी व्यक्ती, ती ज्या गटांत वावरते ते गट, आणि व्यापक परंपरा. तिन्हींचं नातं असतं, पण एक म्हणजे दुसरी नव्हे. मी दहा वर्षांच्या मुलीला अख्ख्या परंपरेची प्रवक्ती करून टाकलं होतं. मला शिकवायचा सराव होता, हा अभ्यास नव्हता. कोरी पाटीकडे अभ्यास आहे, सराव नाही. बाबा, हे दोन्ही एकाच माणसात असावं असं मी म्हणते ते एवढ्याचसाठी.

आणि तुमचा मुद्दा न्यायालयांनीही उचलून धरलाय. नॉर्वेत 1997 पासून सगळ्यांना एकच सक्तीचा धर्मविषय होता. त्यातला ख्रिस्ती धर्माचा भार आणि पूर्ण सूट न मिळण्याची व्यवस्था यावरून पालक युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले आणि 2007 मध्ये जिंकले. नॉर्वेला विषय बदलावा लागला. तेव्हा पालकांनी डोळ्यांत तेल घालून बघावंच.

दोघींचा बाबा

खोडरबराचं वाचून थांबलो. माझी धाकटी अशीच आहे. तुम्ही चूक इतक्या सरळ सांगितलीत याचा आदर वाटतो. पण मग एक सांगा, मी तासाला बसलो तर शिक्षक पढवतोय की शिकवतोय हे मला कशावरून ओळखता येईल?

अर्धविराम

बाबांच्या प्रश्नाला माझ्या बाजूनं उत्तर देतो. मी मुद्रितशोधक आहे, शालेय पुस्तकंही तपासतो. माझ्या मते ते क्रियापदावरून ओळखता येतं.

'हे लोक मूर्तीला देव समजतात.' वाक्य शुद्ध आहे, पण 'समजतात' मध्ये 'मुळात तसं नाही' हे आलंच. दोरीला साप समजलो म्हणतो ना, तसं. आता 'हे लोक मूर्तीत देव पाहतात' असं म्हणा. मूर्तिपूजक मान डोलावेल आणि मूर्ती न मानणाऱ्याचंही काही बिघडणार नाही.

'अजूनही' हा दुसरा शब्द. 'ज्यू लोक अजूनही शब्बाथला काम करत नाहीत.' कुणी सांगितलं की एव्हाना त्यांनी ते सोडायला हवं होतं? फक्त 'अजूनही' काढा.

तिसरा 'आपण'. मराठीत आम्ही आणि आपण वेगळे आहेत. 'आम्ही' मध्ये ऐकणारा नसतो, 'आपण' मध्ये असतो. शिक्षक सहज म्हणतो, 'आपण देवळात जातो तेव्हा', आणि वर्गातली न जाणारी दोन मुलं त्या 'आपण' मधून गळतात. त्यांना ते कळतं. शिक्षकाला कळत नाही.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे असमान क्रियापद. एका धर्माबद्दल लिहिताना 'हा ग्रंथ ईश्वराने दिला आहे' आणि पुढच्याच धड्यात 'त्यांचा ग्रंथ ईश्वराने दिला असे ते मानतात'. एकाच्या वाट्याला 'आहे', दुसऱ्याच्या वाट्याला 'मानतात'. जे वापराल ते सगळ्यांना सारखं वापरा. बाबा, तासाला बसलात तर एवढंच मोजा.

वाचनखूण

अर्धविराम, सुरेख. धर्मांचे अभ्यासक विल्फ्रेड कॅन्टवेल स्मिथ यांनी 1959 मध्ये जवळपास हीच कसोटी दिली होती : एखाद्या धर्माबद्दल केलेलं विधान त्या धर्माच्या श्रद्धावंतांना आपलं म्हणून ओळखता आलं पाहिजे. विद्यापीठात यावर बराच वाद होतो, कारण इतिहासकाराला कधी कधी श्रद्धावंताला न पटणारंही सांगावं लागतं. पण शाळेत, जिथे तो श्रद्धावंत अकरा वर्षांचा असतो आणि पहिल्या बाकावर बसलेला असतो, तिथे मी ही कसोटी सोडणार नाही.

कोरी पाटी, तुझ्या तिसऱ्या शंकेचं उत्तर मला यातच दिसतं. निर्णय बाजूला ठेवणं हे वर्गात मूल्य म्हणूनच पोचतं. तुला ते वेगळं शिकवावं लागत नाही, तुझ्या वाक्यांतून मुलं घेतात.

कोरी पाटी

हे सगळं मी उजव्या पानावर उतरवून घेतलंय. (वही खरंच आणली.) 'समजतात' तर माझ्या प्रबंधात सात ठिकाणी सापडला.

आता ज्या प्रश्नाची मला धास्ती आहे तो विचारते. मुलं विचारणारच, "बाई, तुम्ही देव मानता का?" काय सांगायचं?

मधली सुट्टी

मी सांगते. खोटं बोलत नाही. एका वाक्यात सांगते आणि लगेच म्हणते, "माझ्या शेजारच्या वर्गातल्या बाईंचं उत्तर वेगळं असेल."

दुसरा तास

मी सांगत नाही. वर्षअखेरीस सांगेन म्हणतो, आणि तोवर मुलांना त्याची गरज वाटेनाशी होते. लहान मुलांसाठी शिक्षकाचा शब्द फार जड असतो, मोठ्या वर्गात चालेल.

निळी शाई

दोन्ही चालतं. फक्त आज सांगायचं आणि उद्या टाळायचं असं नको. आणि आधी बघ, प्रश्न कुठून येतोय. नुसतं कुतूहल असेल तर एका वाक्याचं उत्तर पुरतं. कधी कधी मूल विचारत असतं, "मी वेगळा आहे, चालेल ना?" तिथे तुझं मत त्याला नकोच असतं.

वाचनखूण

वयाबद्दल एक. रोनल्ड गोल्डमन यांनी 1964 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात 6 ते 17 वयाच्या 200 मुलांना बायबलमधल्या तीन गोष्टींवर प्रश्न विचारले होते. जळत्या झुडपाजवळ मोझेस देवाकडे बघायला का घाबरला, हा त्यातला एक. लहान मुलं शब्दशः, डोळ्यांना दिसेल असं उत्तर देतात, फार उजेड होता वगैरे. रूपक कळायला बरीच वर्षं जातात. मुलांचा विचार कसा वाढत जातो याच्या मानसशास्त्रज्ञ पियाजेनं मांडलेल्या पायऱ्या त्यांनी धार्मिक विचाराला लावल्या, आणि पुढे त्यावर टीकाही झाली की मुलांना कमी लेखलं. ती टीका मला पटते. पण तुझ्या त्या मुलाचा प्रश्न आठव. त्याचा अंधार खरा अंधार होता. त्याला रूपक देऊन चाललं नसतं.

कोरी पाटी

एक टाचण लिहून बघितलंय. घटक : अजान. इयत्ता सहावी, 40 मिनिटं. उद्दिष्टं : इस्लामचे पाच स्तंभ सांगता येणं, अजानचा अर्थ सांगता येणं, नमाजच्या पाच वेळा सांगता येणं, मशिदीचे भाग ओळखता येणं, इतर धर्मांतल्या प्रार्थनेच्या हाकांशी तुलना करता येणं. फाडून टाका, चालेल.

दुसरा तास

फाडत नाही, पण पाचपैकी चार उद्दिष्टं काढतो. 40 मिनिटांत तू मुलांना यादी देशील आणि अजान राहून जाईल.

बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन हल आणि मायकेल ग्रिमिट यांच्या गटानं लहान मुलांसाठी एक पद्धत तयार केली, 1991 मध्ये ती प्रसिद्ध झाली. एका तासाला धर्मातली एकच गोष्ट घ्यायची. त्यांच्या निवडीत गणपती होता, अजानही होती. आधी मुलांना त्या गोष्टीच्या जवळ न्यायचं, आणि मग सुखरूप थोडं लांब आणायचं. लांब आणणं मला फार महत्त्वाचं वाटतं. ही गोष्ट कुणाची आहे हे स्पष्ट सांगायचं, म्हणजे जे मूल त्या श्रद्धेचं नाही त्याला आपल्यावर काही लादलं जातंय असं वाटत नाही आणि जे आहे त्याला आपली गोष्ट हिसकावली असं वाटत नाही.

तेव्हा : अर्थ न सांगता आधी ऐकव. मिनिटभर. मग फक्त विचार, काय काय ऐकू आलं? आवाज कुठे लांबला, कुठे थांबला? नंतर अर्थ. नंतर बिलाल. एकेकाळचा गुलाम, त्याला पहिला मुअज्जिन, म्हणजे अजान देणारा, म्हणून निवडलं गेलं. ही गोष्ट मुलं विसरत नाहीत. आणि पहाटेच्या अजानमध्ये सुन्नी परंपरेत एक जादा वाक्य असतं, झोपेपेक्षा नमाज श्रेयस्कर. ते सांगितल्यावर सकाळी उठायचा कंटाळा असलेला प्रत्येक मुलगा त्या हाकेशी क्षणभर जोडला जातो.

मुलांकडून म्हणवून घेऊ नकोस. ऐकणं हा अभ्यास आहे. म्हणणं ही श्रद्धा आहे.

निळी शाई

शेवटच्या दोन वाक्यांखाली माझी सही.

एक भर. प्रशिक्षणात सूक्ष्म अध्यापन असतं, पाच-सहा मिनिटांचा पाठ, सोबतीच विद्यार्थी होतात. बहुतेक जण तिथे फलक-लेखन नाहीतर प्रस्तावना घेतात. तू 'अवघड प्रश्नाला प्रतिसाद' हे कौशल्य माग. आणि प्रश्न आला की लगेच बोलू नकोस. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात दाखवलं की शिक्षक सरासरी जेमतेम सेकंदभर थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात. ते विज्ञानाच्या तासांबद्दल होतं. या विषयात तीन सेकंद कमीच पडतील.

कोरी पाटी

धागा पाच महिन्यांनी वर आणते आहे. प्रशिक्षणाला प्रवेश मिळाला. दुसरा विषय इतिहास, आणि तो धरला जाईल असं पत्र हातात घेऊनच शुल्क भरलं.

काल सूक्ष्म अध्यापन झालं. मी माझ्या जोडीदारणीला आधीच सांगून ठेवलं होतं, मध्येच तोच प्रश्न विचार : अंधारात त्यांना भीती नाही वाटत का? मला वाटलं, तयारी आहे, सहज जमेल. तिनं विचारलं आणि माझे हात गार पडले. मी खडू खाली ठेवला, तिच्या बाकाजवळ गेले, थांबले. मग म्हटलं, "तुला कुणाची आठवण आली का?" ती नाटकातली विद्यार्थिनी, पण तिचा चेहरा बदलला. म्हणाली, "बाबांची." हे ठरलेलं नव्हतं.

मग मी सांगितलं, जे लोक दफन करतात त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं की माणूस आता देवाच्या स्वाधीन आहे, एकटा नाही. काही जणांना वाटतं की शरीराला आता काही जाणवत नाही. "तुमच्या घरी काय म्हणतात ते घरी विचार. आणि इथे बोलावंसं वाटलं तर मी मधल्या सुट्टीत आहे." सहा मिनिटं संपली.

दोघींचा बाबा

अजून येऊन वाचतो हा धागा. धाकटीच्या बाई अशा असत्या तर मी तासाला बसायचा हट्ट धरला नसता.

निळी शाई

प्रश्न आल्यावर किती थांबलीस?

कोरी पाटी

मला युगासारखं वाटलं. निरीक्षण वहीत मॅडमनी लिहिलंय, सात सेकंद. त्याखाली लाल शाईत : 'बऱ्याच जणांना' हा शब्द योग्य, पण बोलताना आवाज खाली गेला, मागच्या बाकापर्यंत पोचला नाही. पुढचा पाठ गुरुवारी आहे.